डाव्या सीटचं वजन

६ फेब्रुवारी

प्रिय वेधशाळा,

फोनवर आपण दोघंही दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही, तेव्हा यापुढे पत्रंच लिहू, ही तुझी सूचना मान्य आहे. कागदाच्या मध्ये तोंड घालता येत नाही. शिवाय तुमच्या डोंगरावर रेंज असते तेव्हा वारा असतो आणि वारा नसतो तेव्हा रेंज नसते.

मार्चअखेर तुला खात्याला कळवायचं आहे, वरच्या हवामान केंद्रावर कायमचं राहायचं की इकडच्या कचेरीत परत यायचं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. निर्णय तुझा, असं मी तू बदलीवर निघालीस तेव्हाच म्हटलं होतं, आणि एकदा म्हटलेलं मी बदलत नाही. तेव्हा इकडची खबर देतो.

पाहुणी चालू लागली आहे. आली ती जायचं नाव घेत नाही म्हणून तू गाडीला पाहुणी म्हणायचीस, ते नाव आता गल्लीत रूढ झालंय. सांगाडा होती तेव्हा तू पाहिलेली. आता इंजिन पहिल्या हाकेला उठतं. तक्रार आहे ती खालून. चाक खड्ड्यात गेलं की पुढून ठक असा आवाज येतो आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे जायला बघते. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने न वाकताच निदान केलं, शॉकॲब्सॉर्बर बदला. मी गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले, आडवा झालो आणि पहारीनं एकेक आर्म हलवून पाहिला. शॉकॲब्सॉर्बर ठणठणीत आहेत. गेलेत ते बुश.

बुश म्हणजे काय ते तुला सांगून ठेवतो. चाक गाडीला ज्या लोखंडी हाताने धरलेलं असतं तो आर्म. त्या हाताचा खांदा म्हणजे बुश. बाहेर एक नळी, आत एक नळी आणि दोन्हींच्या मध्ये दोन्हींना चिकटवलेलं जाड रबर. हात वरखाली होतो तेव्हा रबर तेवढं पिळलं जातं आणि परत सरळ होतं. आपल्या गाडीचं रबर इतकं पिकलंय की बोटानं कोरता येतं. डाव्या मागच्या बुशात तर रबर आणि नळी यांचा काडीमोड झालेला आहे. पुढच्या प्रत्येक चाकाच्या आर्मला पुढे एक, मागे एक, असे चार बुश आहेत, सगळेच बदलणार. घरी, माझ्या हाताने. मशीनवर दाबून घ्या असं शेजारचा लेथवाला म्हणाला. मी म्हटलं, वजनकाटे दुरुस्त करायला मला कुणी शिकवलं नव्हतं, हेही शिकवायची गरज नाही.

तुमच्याकडे काल किमान चार अंश होतं, पेपरात पाहिलं. थंडीत रबर कडक होतं म्हणून मी डोंगरावरचं तापमान रोज बघतो. ऑगस्टमध्ये बरेच दिवस तुमच्या केंद्रासमोर 'उपलब्ध नाही' असं छापून येत होतं. यंत्र नीट ठेवत जा. काय बिघडलंय ते कळवलं असतंस तर उपाय सांगितला असता.

तुझ्या खिडकीतली कुंडी अक्का बघते. मी पाणी जास्त घालतो असं तिचं मत आहे.

तुझा,
काटेकोर

१७ फेब्रुवारी

प्रिय वेधशाळा,

तुझं कार्ड आलं. 'इकडे धुकं, बाकी ठीक' एवढ्या मजकुरासाठी कार्डाची एवढी जागा वाया घालवलीस. असो.

काम झालं. क्रमाने सांगतो.

जुने बुश काढणं हेच खरं काम, बसवणं म्हणजे नुसतं मिरवणं. उजवीकडचे दोन्ही सरळ निघाले. लांब आटे पाडलेली सळई, दोन जाड वॉशर, एका बाजूला मोठ्या पाइपचा तुकडा, दुसरीकडे बुशाच्याच मापाची कडी, आणि नट आवळत राहायचं. कडी मी लेथवाल्याकडून काढून घेतली, तेवढं त्याचं ऋण मान्य. डावीकडचा मागचा मात्र गंजून आर्मचाच अवयव झाला होता. त्याचं रबर ड्रिलनं भोसकून काढलं, आणि उरलेल्या नळीला आतून हॅकसॉच्या सुट्या पात्यानं चीर पाडली. पातं फडक्यात धरून, अर्धा रविवार. केसभर जास्त कापलं तर आर्मला ओरखडा. ओरखडा पडला नाही. हे पाहायला शेजारी कुणी नव्हतं.

नवे बुश घट्ट बसतात म्हणून ते आधी रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत, किंचित आकसतात. ही युक्ती मला आपसूक सुचली, पुढे गाडीच्या पुस्तकातही सापडली. सकाळी अक्का भाजी ठेवायला आली.

"अरे, वाटाण्याच्या पिशवीखाली हे काळं काय ठेवलंयस?"

"बुश."

"कुणाचे?"

"गाडीचे."

"आणि गाडी कुठे ठेवणार आहेस, कपाटात?" मग कप्प्याचं दार उघडंच ठेवून म्हणाली, "ती असती तर हे इथे ठेवायची छाती झाली असती का तुझी?"

मी म्हटलं, दार लाव, गार हवा जाते.

अक्काचा तुझ्यावर राग नाही, हे तुला माहीत असावं. तिचा राग माझ्यावर आहे, आणि तो तिनं लहानपणापासून सांभाळलेला आहे. भाऊ धाकटा असला की बहिणीला तेवढी करमणूक लागते.

बुशाच्या रबराला दोन बाजूंनी फटी असतात, त्या ठरलेल्या दिशेलाच याव्या लागतात. मी आर्मवर खडूने खूण केली, मग खूण पुसेल म्हणून पंचनं ठोकून बारीक खळगा पाडून ठेवला. साबणाच्या पाण्यानं कडा ओली केली, तेल अजिबात नाही, तेलानं रबर सडतं. सगळे जागेवर बसले. आर्म परत चढवले, बोल्ट टॉर्क रेंचनं पुस्तकातल्या आकड्याला आवळले. प्रत्येक बोल्ट आवळल्यावर त्याच्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढली. आता गाडी स्टँडवरून उतरवायची आणि हिंडायचं.

हात धुतले तेव्हा अंधार पडला होता. दोन कप चहा केला. एक अक्काला वर नेऊन दिला, असं लिहिणार होतो, पण अक्का तिच्या घरी गेली होती. तो मीच प्यायलो.

तुझा,
काटेकोर

२८ फेब्रुवारी

प्रिय वेधशाळा,

मागच्या पत्रात काम झालं असं लिहिलं होतं. ते काम झालं नव्हतं. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच लिहितो.

गाडी उतरवली, तीन-चार दिवस दुकानावर नेली. ठक आवाज गेला. पण गाडी कडक. जिथे खाली बसायला हवी तिथे उड्या मारते. मला वाटलं, नवं रबर आहे, मुरेल. लेथवाला दुकानाच्या पायरीवर चहा पीत होता.

"काटेवाले, गाडी नाक वर करून का उभी आहे? रुसलीय का कुणावर?"

"नवीन बुश आहेत. बसतील हळूहळू."

त्यानं उठून मडगार्डवर हात ठेवला, शरीराचा भार टाकून दाबलं. गाडी ढिम्म. "बसायचे नाहीत हे. बोल्ट कधी आवळलेत, चाकं लोंबत होती तेव्हा?"

"स्टँडवर होती."

"म्हणजे लोंबत होती."

मला तिथल्या तिथे कळलं. इतकं सोपं की लाज वाटावी. रबर दोन्ही नळ्यांना चिकटलेलं, आणि बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी पक्की होते. ज्या स्थितीत आवळाल, ती रबराची आरामाची स्थिती. मी आवळलं तेव्हा चाकं हवेत लोंबत होती. गाडी खाली ठेवल्याक्षणी सगळे बुश पिळले गेले. आता गाडी नुसती उभी असली तरी ते पिळलेलेच आहेत. सरळ कधी होतात, तर पुन्हा हवेत टांगल्यावर.

"पुस्तक बघितलं नाहीत वाटतं," लेथवाला म्हणाला.

बघितलं होतं. बसवणीचं प्रकरण तीनदा वाचलं होतं. ती टीप त्याच्या आधीच्या प्रकरणात, तळाशी, बारीक अक्षरात आहे. छापणाऱ्याचा गाढवपणा. पण लेथवाल्याला मी तसं म्हटलं नाही. म्हटलं, "चहा संपला असला तर तुझा पन्नास किलोचा काटा घेऊन ये, तीन ग्रॅम कमी मारतोय." तो हसला. माणूस वाईट नाही. त्याची बायको डबा द्यायला येते ती अर्धा तास पायरीवर बसून त्याला शिव्या घालते, आणि तो लेथ बंद करून ऐकत बसतो. वीज जळत नाही म्हणून बंद करतो असं म्हणतो.

सगळे बोल्ट सैल केले. डावा मागचा बुश इतक्यातच केसाएवढा फाटला आहे, तो नवीन मागवला. तो येईपर्यंत पाहुणी ओसरीत ठोकळ्यांवर.

तुमच्याकडे परवा पाऊस झाला, अवेळी. बारा मिलिमीटर. पेपर उघडला की ते आकडे घेणारं कुणी असतं हे लोकांच्या लक्षात येत नाही. मला वाचताना तुझी पाठ दिसते. पावसाचं नळकांडं डोळ्यांपुढे धरून तू जी उभी राहतेस, एक डोळा मिटून.

तुझा,
काटेकोर

९ मार्च

प्रिय वेधशाळा,

बुश आला, बसवला. आता अंतिम आवळणी उरली. ती टीप शब्दशः अशी आहे: गाडी चारही चाकांवर उभी असावी, पुढच्या दोन्ही सीटवर माणसं बसलेली असावीत, आणि मगच बोल्ट पूर्ण आवळावेत. म्हणजे गाडी चालताना जशी असते तशी बसल्यावर रबराला आराम मिळाला पाहिजे.

चारही चाकांखाली लाकडाचे जाड ठोकळे दिले आहेत, म्हणजे गाडी भार टाकून उभी आणि मला खाली शिरायला जागा. पण मी खाली शिरल्यावर सीटवर बसणार कोण, हा प्रश्न. सीटवर वजनं ठेवायची. सुदैवानं त्या धंद्यात मी आहे. शिक्क्याची, तपासलेली, वीस-वीस किलोची लोखंडी वजनं दुकानात रांगेनं उभी आहेत. उजव्या सीटवर माझं वजन. ते मला नेहमीच ठाऊक असतं, कारण धान्याचा मोठा काटा तपासून झाला की शेवटी मीच त्यावर उभा राहतो. चौऱ्याहत्तर.

डाव्या सीटवर किती ठेवायचं, इथे अडलोय.

लेथवाला म्हणाला, "टाका साठ. दोन-चार किलोनं काय फरक पडतो?"

मी आयुष्यभर दुकानदारांशी याच वाक्यावरून भांडलो आहे. त्याला म्हटलं, फरक पडत नाही तर मग काटा कशाला ठेवतोस, हातानं अंदाज घेत जा.

"मग वहिनींचं किती?" तो म्हणाला.

दुकानात आलीस की तू मोठ्या काट्याला वळसा घालून जायचीस. एकदा उचलून ठेवीन असं म्हटलं तर दोन दिवस दुकानाकडे फिरकली नाहीस. दवाखान्याच्या एका जुन्या चिठ्ठीवर बासष्ट असल्याचं अंधुक आठवतं, पण तो काटा कुणी तपासलेला होता कुणास ठाऊक. गावातल्या प्रत्येक काट्याचा दोष मला तोंडपाठ आहे. हे एक मला माहीत नाही.

अक्काला विचारलं. ती म्हणाली, "बायकांचं वजन नणंदेला विचारतात का रे? तिलाच विचार. पत्रं लिहितोस ना एवढी?"

तेव्हा विचारतो. तुझं वजन किती आहे? कचेरीत काटा असेल तर त्यावर उभी राहा, पादत्राणं काढून, सकाळी, काही खायच्या आधी. काटा आधी रिकामा शून्यावर आहे ना ते बघ.

उत्तर येईपर्यंत बोल्ट सैल ठेवतो. घाई नाही. मार्च संपायला अवकाश आहे.

तुझा,
काटेकोर

१८ मार्च

प्रिय वेधशाळा,

तुझं पत्र काल आलं. पत्रं येतात ती मी दुकानात उघडतो, काल घरी येऊन उघडलं. लेथवाला समोरच होता म्हणून.

'दोन वर्षांत तू मला विचारलेला हा पहिला प्रश्न. एक्कावन्न.'

तू काटा शून्यावर होता का ते पाहिलंस, पादत्राणं काढलीस, सकाळचं वजन घेतलंस, हे सगळं लिहिलं आहेस. तेव्हा आकड्याबद्दल शंका घ्यायला तू जागा ठेवलेली नाहीस. मी घेतली. माझ्या बासष्टमध्ये चूक असेल, चिठ्ठी जुनी, दवाखान्याचा काटा जड मारत असेल, दोन किलो तिकडे जातील. तीन घ्या. मग उरलेलं कुठे गेलं? वजन असं हवेत जात नाही. वजन जातं तेव्हा कुठेतरी जातं, माझ्या धंद्यात तरी.

मग पान उलटलं.

ऑगस्टमधला ताप. खालच्या दवाखान्यातले ते दिवस. मदतनीस रजेवर, म्हणून आकडे घेणारं कुणी नव्हतं, हे तू एका ओळीत लिहिलं आहेस, खात्याला कळवावं तसं. 'उपलब्ध नाही' छापून येत होतं ते यंत्र बिघडलेलं नव्हतं. मी रोज पेपरात ते बघत होतो. रोज. चहा पिताना. मला वाटायचं, पर्जन्यमापकाची गळती असणार, आणि उपायही मनात तयार होता. सोल्डर.

का कळवलं नाही असं मी विचारणार, हे ओळखून तूच उत्तर लिहिलं आहेस. 'कळवलं असतं तर तू आला नसतास. कुठली गोळी चांगली आणि ती जेवणाआधी घ्यायची की नंतर, ते लिहिलं असतंस.'

हे खोटं आहे असं लिहायला बसलो. लिहिलं, फाडलं. दुसऱ्यांदा मी तेव्हा इंजिन बसवत होतो असं लिहिलं, ते वाचून पाहिलं आणि तेही फाडलं. तुला ठाऊकच आहे मी कधी पान फुकट घालवत नाही. काल बरीच गेली.

शेवटी तू लिहिलं आहेस की अखेरीला होकार कळवणार. वर राहणार. 'इथे सकाळी दार उघडलं की समोर काही नसतं, आणि ते मला आवडायला लागलंय.'

आवडायला लागलंय, यावर काटा लावता येत नाही.

अक्काला तुझ्या तापाचं सांगितलं. ती ओट्याशी उभी होती. पाठ फिरवून भांडं घासत राहिली, मग म्हणाली, "मला म्हणाली होती फोनवर, घसा बसलाय म्हणून." आणि नंतर, माझ्याकडे न बघता, "तू कर हो तुझे बोल्ट."

तुझा,
काटेकोर

२४ मार्च

प्रिय वेधशाळा,

आज बोल्ट आवळले.

उजव्या सीटवर चौऱ्याहत्तर ठेवले, त्यात काही विशेष नाही. डावीकडे वीसची दोन, दहाचं एक, एकचं एक. वीसची दोन बैठकीवर मागे टेकवून, कारण बसलेल्या माणसाचा भार तिथे पडतो. दहाचं पुढे, मांड्यांच्या जागी. एकचं कुठे ठेवावं कळेना. मग पायांच्या पुढ्यात ठेवलं. वजनं घसरू नयेत म्हणून सीटबेल्ट लावला. दार लावायला गेलो आणि मला बेल्ट पुन्हा सोडून सैल करावा लागला. कुठल्याही गाडीत तू बेल्ट नेहमी खांद्याखालून काढून घेतेस, गळ्याला घासतो म्हणून. मी त्यावरून तुला बोलायचो. आज लोखंडाला बेल्ट तसा लावला.

एवढंच वजन असतं तुझं. सगळं मिळून चार तुकडे. मी ते एका खेपेत दुकानातून उचलून आणू शकलो असतो.

खाली शिरलो. डोक्यावर गाडी, तिच्यात आपण दोघं. पहिला बोल्ट पुढचा उजवा, मग मागचा, मग डावीकडे. रेंच टक् झाला की थांबायचं, जास्त जोर नाही. डाव्या मागच्याला आलो तेव्हा मी थोडा वेळ तसाच पडून राहिलो. वरून सीटची स्प्रिंग किंचित वाजत होती, लोखंड स्थिर व्हायला वेळ घेतं. माणूस बसल्यावर हलतो तसाच आवाज. ऐकत राहिलो. मग आवळला.

सगळ्या बोल्टवर पुन्हा रेघा ओढल्या, या वेळी पांढऱ्या.

संध्याकाळी वजनं उतरवून गाडी बाहेर काढली. आवाज नाही. खड्डा येतो, गाडी खाली जाते, वर येते, संपलं. ब्रेकला सरळ. लेथवाल्यानं मडगार्ड दाबून पाहिलं आणि परत पायरीवर जाऊन बसला, त्याच्याकडून एवढं प्रशस्तिपत्र खूप झालं. फक्त डावी बाजू. रिकाम्या सीटनं गाडी डावीकडे किंचित उंच राहते. पट्टी लावून मोजलं तर मुश्किलीनं दिसेल, दुसऱ्या कुणाला जाणवणारही नाही. मला जाणवतं. वळणावर जाणवतं, आणि सरळ रस्त्यावर जास्त जाणवतं.

गाडीत दोष नाही. मी सगळं तपासलं आहे.

अक्का विचारत होती, आता ही घेऊन कुठे जाणार. मी म्हटलं, चाचणी. एक लांबची, चढाची चाचणी करायला हवी, थंडीत रबर कसं वागतं ते बघायला. ती म्हणाली, "बरं. मग चाचणीला स्वच्छ सदरा घाल." आणि कुंडी आणून गाडीच्या मागच्या सीटखाली, हलणार नाही अशी, बसवून गेली. मी तिला काहीही सांगितलं नव्हतं.

काटेकोर

२९ मार्च, तुझ्या फाटकाबाहेर

वेधशाळा,

हे बॉनेटवर लिहितोय, अक्षर हललंय ते गाडीमुळे नाही, वाऱ्यामुळे. पहारेकऱ्याकडे देणार आहे. तो म्हणाला, आत जाऊन बसा साहेब. मी म्हटलं, मॅडमचं काम चालू आहे.

तू मला पाहिलेलं नाहीस. मी तुला पाहतोय, कुंपणातून. तापमापकांच्या पांढऱ्या पेटीचं दार उघडून आतलं वाचते आहेस. स्वेटर तुझ्या मापाचा राहिलेला नाही, बाह्या दुमडल्या आहेस. मान पूर्वीसारखीच कलती. मला हाक मारता आली असती, पण तू आकडा वाचताना कुणी बोललेलं तुला चालत नाही, आणि मलाही माझ्या काट्याजवळ चालत नाही. एवढं तरी आपल्यात एकसारखं आहे.

रस्ता खराब आहे. वरच्या वळणांवर तर रस्ता नाहीच, नुसती आठवण आहे. गाडी कुठे वाजली नाही. हे तुला सांगायचं होतं, पण यासाठी आलो नाही.

होकार कळवलास ना? बरं केलंस. मागे घे असं मी म्हणणार नाही. तुझ्या दारासमोर काही नसतं ते मीही आत्ता पाहिलं, फाटकावर उभा राहून. बराच वेळ पाहिलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीही नाही. मला सवय व्हायला वेळ लागेल.

खाली बाजारात थांबलो होतो. भाजीवालीचा तराजू डाव्या पारड्याला हलका मारतो, तिला सांगितलं, ती म्हणाली तुम्ही कोण. किराणावाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली. पेट्रोलपंपाशेजारी भंगाराचा मोठा काटा आहे, तो तर गंजून बसलाय. या डोंगरावर वजनाची फार आबाळ आहे. इथे एका माणसाला पुरेल इतकं काम आहे. दुकानाची किल्ली लेथवाल्याकडे दिली आहे. परत कधी, असं त्यानं विचारलं नाही, फक्त हत्यारांची छोटी पेटी उचलून स्वतः डिकीत ठेवली.

हे मी ठरवून आलो आहे असं समजू नकोस. ठरवायचं तू. पण मागच्या वेळी 'निर्णय तुझा' एवढंच म्हणून मी दुकानात निघून गेलो होतो. या वेळी मला काय हवंय तेही लिहितो, मग तू ठरव. मला तुझ्या शेजारी राहायचं आहे. तू जिथे असशील तिथे. तुला ताप आला तर गोळीचं नाव न सांगता बसून राहता येतं का, ते मला बघायचं आहे. जमेलच असं लिहून देत नाही.

मी इथे राहू का?

'हो' म्हणायची घाई करू नकोस. आधी आकडे लिहून काढ, कळवायचे ते कळव, मग वाच. 'नाही' असेल तर बाहेर यायचीही गरज नाही, पहारेकऱ्याजवळ सांग. फाटकाच्या थोडं पुढे, पाण्याच्या टाकीपाशी, गाडी वळवायला जागा आहे, त्यानं दाखवली. एका दमात वळेल इतकी आहे.

अजून वळवलेली नाही. तिचं तोंड तुझ्याकडे आहे.